पाचव्या सेटात सिमेंट

मानेवाड्यात रात्रीचे पावणेदोन.
कूलरमध्ये तिसरी बादली ओतून आलो
तोवर एक गेम गेला. तो दोष माझा.
बाकीचे सगळे त्यांचे.

तिकडे पॅरिसात लाल माती, पाचवा सेट,
आणि तो पोरगा, क्रमवारीत एकशे त्रेचाळिसावा,
एका हातानं बॅकहँड मारणारा,
ज्याचं नाव समालोचकानं तीन तासांत
तीन प्रकारे घेतलं.
हा माणूस गप्प बसेल तर चेंडू ऐकू येईल.
मातीवर तो नुसता टप् करत नाही,
आधी जरासा खरवडतो, मग उठतो.

समोरच्याच्या होणाऱ्या बायकोला
आठ वेळा दाखवलं. मोजलं मी,
मला मोजायची सवय आहे.
तिनं केस बांधले तेव्हा इकडे
ब्रेक पॉइंट होऊन गेला होता.

तीस वर्षं रेषेवर बसलो,
अजनीच्या रेल्वे कोर्टावर, जिल्ह्याच्या स्पर्धेत.
लोखंडी खुर्ची, बुडाला चटका,
मुरमावर स्वतःच्या हातानं ओढलेली चुन्याची रेघ.
नियम एकच: चेहऱ्याकडे पाहायचं नाही.
हे फक्त चेहऱ्याकडेच पाहतात.

पाच-पाच. ॲडव्हान्टेज.
पोरगा सर्व्हिसला चेंडू वर फेकतो,
आणि चेंडू खाली यायच्या आत
सिमेंट.
हत्ती भिंतीला धडकतो, भिंत हलत नाही.
मग शेंगदाण्याचं तेल.
मग परवाच्या क्रिकेटचे षटकार,
जे मी परवाच पाहिले.
मग परत हत्ती.

जरीपटक्याला डेकाटेला फोन लावला.
त्याचा टीव्ही माझ्यापेक्षा आठ सेकंद पुढे असतो,
माझा पॉइंट तो आधीच ओरडून टाकतो.
"काय झालं बे?"
"मले का माहीत. माह्याकडे बी हत्तीच हाय."

मग आम्हीच खेळलो तो गेम,
तो तिकडून, मी इकडून.
"सर्व्हिस आत."
"रिटर्न आखूड."
"पोट्ट्यानं लॉब टाकला असंन."
मी सहज म्हणालो,
"पडला असेल बाहेर."

फोनमध्ये कूलरची घरघर,
त्याच्याकडची की माझ्याकडची कोण जाणे.

"चुना उडाला होता,"
डेकाटे म्हणाला.

चौऱ्याऐंशीची फायनल. त्याचा लॉब.
मी हात आडवा केला होता.
त्यानंतर त्याच्या घरची दोन लग्नं जेवलो,
त्याच्या बायकोच्या तेरवीला गेलो,
हा एक शब्द बोलला नाही.
तेव्हा कॅमेरा नव्हता. असता तरी
प्रेक्षकांतल्या कुणाचं उपरणं दाखवलं असतं.
खरं सांगायचं तर त्या क्षणी
डोळ्यांत घाम गेला होता माझ्या.

"थांब," म्हणालो,
"सुरू होईल आता."

"सुरू कायचं," तो म्हणाला,
"संपलं बे. हात मिळवून राह्यले."

माझ्याकडे आणखी आठ सेकंद
हत्ती भिंतीला धडकत राहिला.