यादीतलं सातवं नाव

ओढ्याच्या दोन्ही काठांवर ती माजली आहे.
गुडघाभर पाण्यात उभा राहून
एउदाल्दो कोयत्यानं तिचे दांडे उतरवतो,
मग कुदळीनं कंद उपटतो,
आल्यासारखे, पेरापेरांचे,
मातीत एकमेकांची बोटं धरून बसलेले.
सुटता सुटत नाहीत.

वनखात्याच्या कागदावर तिचं नाव सातवं:
उपद्रवी वनस्पती. मूळ: आशिया.
खाली शिक्का.
शाळेच्या भिंतीवरही तिचं चित्र आहे,
तोकोरोरो पक्ष्याच्या आणि उंच ताडाच्या शेजारी:
मारिपोसा, क्युबाचं राष्ट्रीय फूल.
खाली शिक्का, तोच.

(मारिपोसा म्हणजे फुलपाखरू.
आपण हिला सोनटक्का म्हणतो,
न्हाणीच्या सांडपाण्यावर लावतो
आणि विसरून जातो.)

एस्काम्ब्रायच्या डोंगरात आज आठ तास वीज नाही.
मिरेल्किस दिव्याशी वही घेऊन बसली आहे.
शुक्रवारी शाळेत फूल न्यायचंय, पापा,
आणि ते राष्ट्राचं का, त्यावर चार ओळी.

एउदाल्दो बूट काढतो. त्याला माहीत आहे ते एवढंच:
कंद वीतभर खोल जातो,
अंगठ्याएवढा तुकडा राहिला तरी
अकराव्या दिवशी फुटतो.
त्याच्या हातांना तिचा वास आहे.
साबण मिळतो तेव्हाही जात नाही.

सोइला आजीला जास्त माहीत आहे.
तिच्या आजीची मावशी
केसांचा उंच अंबाडा बांधायची,
त्यात ही फुलं, फुलांखाली चिठ्ठी,
नखाएवढी घडी घातलेली.
स्पॅनिश चौकीवरच्या शिपायानं वास घेतला म्हणे
आणि टोपी काढून वाट दिली.

चिठ्ठीत काय होतं?

सोइला गप्प.
पंचाहत्तर वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
‘क्विनीन पाठवा’ असेल.
‘घोडे दोनच उरलेत’ असेल.
किंवा, आणि इथं ती दिव्याची वात उगाच वर करते,
‘पुलाखाली थांब. मी येते.’

मिरेल्किस लिहिते: पांढरा रंग शुद्धतेचा.
पांढरा कसला, आजी म्हणते, दुपारनंतर बघ,
चहा सांडलेल्या चादरीसारखी होते.
मग खोडायचं का?
राहू दे. बाईंना आवडेल.

आणि पापा, ती आशियातून आली असेल
तर आपली कशी?
एउदाल्दो पाय पुसतो.
आजी बोटं मोजायला लागते:
एक आजोबा कॅनरी बेटांवरचे,
एक कॅन्टनचे, डोक्यावर भाजीची पाटी,
एक पणजी उसाच्या बराकीतली,
तिच्या गावाचं नाव जहाजावरच हरवलं.
चौथ्या बोटाशी ती थांबते,
तिथं काय सांगायचं हे ठरत नाही.

गुरुवारी वळणावरचा एक झुबका
एउदाल्दोनं तसाच ठेवला.
वहीत लिहिलं: काठ साफ.

शुक्रवारी रमच्या रिकाम्या बाटलीत तीन फुलं.
झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं,
तोवर एक मान टाकून मोकळं.
मिरेल्किसनं शुद्धतेची ओळ वाचली,
अंबाड्याची वाचली,
मग वही मिटून, न लिहिलेलं बोलली:
चिठ्ठीत काय होतं
ते आमच्या आजीला माहीत नाही.

बाई म्हणाल्या, छान. पुढची कोण?

त्याच वेळी खाली ओढ्यात
एउदाल्दो सोमवारी साफ केलेल्या जागी वाकला होता.
चिखलातून हिरवं टोक आलं होतं,
अकरावा दिवस अजून लांब होता.
त्यानं कुदळ उचलली,
मग आधी नाक पुसून घेतलं.