अळणी

वहीच्या पुढच्या पानांवर खाऱ्या पाण्याची घनता आहे,
कोणत्या वाफ्यात किती, कोणत्या तारखेला,
सिल्वानच्या तिरक्या अक्षरात.
मागून उघडली की मी.
सकाळी एकशे चौसष्ट, खाली एकशे दोन.
संध्याकाळी त्याहून जास्त, पण ते मी लिहिलं नाही.

मिलोयका माझ्या डाव्या दंडाला पट्टा बांधते.
पायावर पाय नको. पाठ टेक. बोलू नकोस.
पट्टा फुगतो, मी गप्प.
गप्प बसणं मला इतकं जमायला लागलं होतं
की त्यासाठीच तर पहिलं औषध सुरू झालं.

सिल्वान गेला त्या हिवाळ्यात
मी दांताळं भिंतीला टेकवलं ते टेकवलंच.
सेचोव्ल्येच्या मिठागरात पोरं गाळ उपसत होती,
मी खिडकीतून त्यांच्या पाठी बघायचो.
मग डॉक्टर झोर्मानबाईंनी कॅप्सूल दिल्या,
आणि सहाव्या आठवड्यात मला पावाचा वास आला.
एवढंच. पावाचा वास.
बेकरीबाहेर उभा राहून रडलो, आणि दोन पाव घेतले.

मार्चमध्ये डोस वाढला.
मे महिन्यात कानात समुद्र वाजायला लागला.
"मनाचं औषध कधीकधी दाब वर ढकलतं," बाई म्हणाल्या,
शेजारणीने सांगावं तसं, की तुमची कोंबडी आमच्या परसात आली.
मी हसलो. त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, मीठ कमी करा.

मीठ!
पणजोबा, आजा, बाप, भाऊ,
सगळ्यांच्या तळपायांना त्याच्याच भेगा.
खाल्ल्या मिठाला जागावं, हे ठीक;
पण पिकवलेल्या मिठाला?

त्या रात्री रागाच्या भरात एक औषध सोडलं.
मनाचं. कोणाला न विचारता.
तिसऱ्या दिवशी डोक्यात विजेचे बारीक चिमटे,
मान वळवली की डोळे मागून यायचे,
आणि मिलोयका बटाटा सोलताना साल मधेच तुटली
म्हणून मी हमसून हमसून रडलो.
ती काही बोलली नाही.
सुरी खाली ठेवली, बाईंना फोन लावला
आणि तो माझ्या कानाला धरून उभी राहिली.

आता असं आहे:
सकाळी कॅप्सूल, बाईंनी पायरीपायरीने थोडी उतरवलेली.
रात्री दाबाची गोळी, जिच्याने घोटे सुजतात
आणि संध्याकाळी बूट माझे राहत नाहीत.
रस्सा अळणी.
मिलोयका त्यात लसूण, लिंबू, तमालपत्र, काय काय घालते
आणि कसा झालाय ते विचारत नाही.

वाफ्याच्या तळाशी एक कातडी असते, पेटोला.
शेवाळाची, जिवंत, बोटाच्या पेराएवढीही जाड नाही.
मीठ वर, चिखल खाली, मधे ती.
फाटली की मीठ करडं.
दरवर्षी तिची मशागत करावी लागते,
हे चाळीस वर्षं मी नव्या पोरांना सांगत आलो:
पाय जपून टाका, खाली चिखल आहेच,
तो कुठे जात नाही.
सांगताना कधी स्वतःकडे बघितलं नव्हतं.

औषधाच्या दुकानातला गोराज्द विचारतो, आज किती?
एकशे अडतीस, सत्त्याऐंशी.
बाईंना अजून खाली हवाय.
येईल, नाहीतर आणखी एक गोळी येईल.

काल हंगामाचं पहिलं मीठ ओढलं.
ओलं, जड, कडेला ढीग केला की पाणी सोडणारं.
एक खडा जिभेवर ठेवला. थुंकला नाही.
घरी येऊन वहीत तोही लिहिला,
शेजारी संध्याकाळचा आकडा, खरा.
मिलोयकाने वाचलं, भुवई उडवली, पट्टा गुंडाळला.

सिल्वानच्या शेवटच्या पानात आणि माझ्या या पानात
अजून अकरा पानं कोरी आहेत.
नवी वही आणावी लागेल.