तुरट

बेलापूरला, काचेच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर
पाच पेले माझ्यासमोर ओळीनं मांडलेले.
प्रत्येकात दोन घोट, जास्त नाही.
आधी फिरवा, शिकवणारा मुलगा म्हणाला,
मग हुंगा, मग थांबा.
चौदा जणांनी मुकाट्यानं पेले फिरवले.

"ओक," तो म्हणाला. "ब्लॅकबेरी. शेवटी थोडं चामडं."
ब्लॅकबेरी मी आयुष्यात खाल्लेली नाही.
चामडं तर नाहीच.
वहीत लिहिलं: करवंद, अर्धकच्चं,
चीक ओठाला धरतो तसं.
मागाहून चुलीतली राख, गार झालेली.
विदुला वहीत डोकावून हसली
आणि तिनं आपला पेला पाण्यासारखा संपवला.

मुलाचं नाव केदा, गाव निफाडकडचं.
करवंद ऐकल्यावर त्याचा कोट जरा सैल झाला.
"मावशी, हे वरच्यांना सांगू नका," हळूच म्हणाला,
"पण घरी आम्ही याला
जीभ आखडते, एवढंच म्हणतो."

वही तशी नऊ वर्षांची. रविवारांची.
नेरूळला कुरियनच्या दुकानात कोडमपुळी मिळाली,
आमसुलाची चुलत बहीण, पण धुरात वाढलेली.
"मछली के लिए, सिर्फ मछली," त्यानं बजावलं.
मी ती तुरीच्या डाळीत घातली.
चार वर्षं झाली, त्याला अजून सांगितलेलं नाही.

वाशीच्या मसाला बाजारात
शिंकल्याशिवाय कुणी भाव विचारत नाही:
बावीस शिंका, एक किलो बेडगी.
दिवाळ्याला बायजाबाई
सुका बोंबील माझ्या कानाजवळ धरून मोडते.
"आवाज आयक. वास काय, कोनीबी घेतंय."

काही पानांवर एकच शब्द आहे.
मिळमिळीत, असं एकाबद्दल लिहिलं होतं.
ते हॉटेल सहा महिन्यांत बंद पडलं,
तिथं आता चष्म्याचं दुकान आहे.
वाईट वाटलं.
शब्द खोडला नाही.

आणि परवा ठाण्याला, टेंभी नाक्यामागच्या गल्लीत,
झिपोराबाई चिंचोलकरांकडे.
काळ्या मनुका सकाळपासून भिजलेल्या,
मग उकळून, कुस्करून, फडक्यातून गाळलेल्या.
"वाइन मिळायची नाही तेव्हा
आमच्या आज्या हेच करायच्या.
आता काय, दुकान खालीच आहे," त्या म्हणाल्या,
"पण जिना कोण उतरतंय."
मुलगा दिमोनाला असतो. दर गुरुवारी फोनवर विचारतो,
आई, पाणी किती?
दर गुरुवारी त्या सांगतात.

काचेच्या पेल्यात पाणी, पाण्यावर तेल, तेलात वात.
दिवा लागला.
त्यांनी हात डोळ्यांवर नेले, पुटपुटल्या,
आणि चेपलेला एक चांदीचा पेला माझ्याकडे आला.
फिरवायचा राहून गेला.
प्यायले.
सवयीनं हात पर्सकडे, वही बाहेर, पेनाचं टोपण काढलं,

"ठेव ते."
आवाज चढला नव्हता.
"दिवे लागले. आता माझ्या घरात कुणी लिहीत नाही,
उद्या तारे दिसेपर्यंत."

मग ती चव तोंडात घेऊन मी बसून राहिले.
त्यांनी बटाट्याची भाजी वाढली, नारळाच्या दुधातली,
शेजारच्या बाईच्या गुडघ्याची गोष्ट सांगितली,
पेण्याच्या लग्नात कुणी मलिदा बिघडवला ते सांगितलं.
चव कधी गेली कळलंच नाही.
कदाचित भाजीच्या दुसऱ्या घासाला.

शनिवारी संध्याकाळी घोडबंदर रोडच्या गच्चीवर उभी.
तीन तारे मोजायचे असतात म्हणे.
दोन सापडले.
तिसरा सरकू लागला, तो विमान होता.
बऱ्याच वेळानं एक मिळाला, टाकीच्या वर.

वही उघडली.
तुरट लिहिलं, खोडलं.
गोड लिहिलं, तेही खोडलं,
हे पहिल्यांदाच.
खाली मनुकांचा भाव लिहिला, त्यांनी सांगितलेला,
आणि पाणी किती.