अठ्ठावीस दिवसांचा महिना

मी लाईनमन होतो, एकतीस वर्षं.
मिठबावपासून खाडीच्या तोंडापर्यंत
एकशे चौदा घरांत घंटी वाजली ती माझ्या हातून.
कुणाचा मुलगा आखातात पोचला,
कुणाची सून सुखरूप सुटली,
बातमी तारेतून जायची
आणि तार माझ्या खांद्यावरून.

आता आमच्याच घरात लाईन नाही.
वादळाने खांब पाडले, तांबं चोरांनी नेलं.
चिनीमातीच्या चिमण्या काही मी गोळा करून आणल्या.
पडवीत ओळीने ठेवल्यात.
त्या तेवढ्या उडाल्या नाहीत.

मित्राने लॅपटॉप घेतला, जुना,
एका बाजूचं बिजागर ढिलं.
पुण्याची कंपनी घरबसल्या काम देते म्हणाली,
आभाळातून काढलेल्या फोटोंवर
घरांच्या कडा आखायच्या.
एका घराचे दोन रुपये.
फक्त नेट हवं.

मी जुन्या ऑफिसात गेलो.
खुर्चीतल्या मुलाने ओळखलं नाही.
काका, तुमच्या वाडीत केबलच नाही, म्हणाला.
माहीत आहे, म्हटलं,
तिचे शेवटचे गठ्ठे मीच मोजून दिलेत.
देवगडात एकाने छपरावरच्या तबकडीचा भाव सांगितला.
मी चहा अर्धा ठेवून उठलो.

शेवटी मोबाईलच्या दुकानात
काडेपेटीएवढा डोंगल, वापरलेला,
नऊशे म्हणाला, आठशे दिले.
रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचा.
पेन्शन मात्र महिन्याने येते.
वर्षाचे तेरा महिने कुणी केले, विचारलं,
तर त्याने पावती फाडून दिली.

माजघरात काहीच नाही.
खिडकीत एक दांडी, तीही पाहुण्यासारखी.
मग पंधरा फूट वायर आणली,
बांबूला डोंगल बांधला, वर दुधाची पिशवी,
मागे पिठाची जाळीची चाळण,
तोंड खाडीपलीकडच्या टॉवरकडे.
शिडीवर चढलो तेव्हा
आधी गुडघा आठवला, मग हात आपोआप चालले.

"बाबा, वायच उजवीकडे."
"आता?"
"नाय. गेली."
"आता?"
"थय! थयच ऱ्हवा!"
मी थयच राहिलो,
हात वर, बांबू छातीशी, खालून मुंग्या.
आतून हिचा आवाज, "माझी चाळण खंय गेली गो?"
कोणीच बोललं नाही.
त्या रात्री भाकऱ्या न चाळलेल्या पिठाच्या झाल्या.

माझं म्हणणं, भरतीला रेंज बरी असते.
मित्रा हसते.
पण मोठं काम पाठवायचं असलं
की हळूच विचारते, आज पाणी किती वाजता?

काल रात्री तिने हाक मारली,
बाबा, आपलीच वाडी आलीय आखायला.
फोटो तुकड्यातुकड्यांनी उघडला.
आधी समुद्र. तो लवकर येतो, त्यात काही नसतं.
मग वाळू, सुरूचं बन, रस्ता,
आणि रस्त्याच्या कडेने बारीक काळ्या रेघा.
"ह्या काय? घरं तर नाहीत."

सावल्या, म्हटलं. खांबांच्या.
फोटो वादळाआधीचा असणार,
सकाळचा. सगळ्या समुद्राकडे पडल्या होत्या.
मी काचेला बोट न लावता मोजत गेलो.
हा शाळेपाशी. हा सारंगांच्या कंपाउंडात,
त्यांची म्हैस बांधलेली असायची याला.
सातवा वळणावरचा, जरा कललेला,
त्याला ताण मी दिला होता, भर दुपारी,
तो ताणही दिसतोय की काय असं वाटलं.
आठवा. नववा.

आणि चक्र फिरायला लागलं.
आजचा दीड जीबी संपला, मित्रा म्हणाली.
दहावा आमच्या दारातला.

घड्याळात अकरा वाजून दहा.
बाराला नवा डेटा लागतो.
तिने झाकण मिटलं, झोपा म्हणाली, सकाळी बघू.
मी बाहेर जाऊन बॅटरीने चाळण बघून आलो,
जागेवर होती,
वारा पडला होता.
मग खुर्ची टेबलापाशी ओढून घेतली
आणि झाकण पुन्हा उघडलं.