बैलाच्या नावाचं

क्राकुवमध्ये नोव्हेंबरात हवा चावते.
कोळशाचा धूर नदीवर अंग टाकून पडलेला,
आणि चौथ्या मजल्यावर बोगुमिवा कुर्तिका
रक्तातून पांढऱ्या पेशी निवडते आहे
तांदळातले खडे निवडावेत तशी,
फक्त तिला खडे ठेवायचेत.

या पेशी जंतू दिसला की ब्लीच तयार करतात.
हो, तेच,
पोहण्याच्या तलावाला ज्याचा वास येतो.
जंतू मरतो.
चढलेला हात मात्र उतरत नाही,
मग घरच्याच भिंती भाजून निघतात.
त्याला आपण म्हणतो सूज.
ज्याचं जळतं तो म्हणतो, झोप नाही आली.

तेव्हा मधे पडतं टॉरिन.
दोनेकशे वर्षांपूर्वी बैलाच्या पित्तात सापडलं
म्हणून बैलाचं नाव लागलं
(झूल मात्र कुणी घातली नाही).
सिस्टीनच्या पोटचं,
पण प्रथिनांच्या माळेत त्याला कुणी ओवत नाही.
पेशीत नुसतं पडून असतं, ढिगानं,
बिनलग्नाच्या काकासारखं ओसरीवर.
आणि भांडण पेटलं की
ब्लीच तेच अंगावर घेतं,
घेता घेता स्वतः वेगळंच काही होतं
आणि शेजारच्या पेशींना जाऊन सांगतं :
पुरे आता.

काचेच्या नळीत हे अकरा वेळा खरं ठरलं.
गावेंडा सरांनी खसखशीचा केक आणला.
बाराव्या वेळी ठरलं नाही,
तेव्हा केक संपला होता.

नोव्हा हुतात राहते तिची आई, लेओकाडिया.
पोलाद कारखान्यात सव्वीस वर्षं क्रेन चालवली,
आता बोटांची पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी.
दुसऱ्या इस्पितळातल्या चाचणीत तिनं नाव घातलं,
लेकीला न विचारता.
नंबर टाकलेल्या ट्यूबमधलं जेल, दिवसातून दोनदा.
पाचव्या आठवड्यात फोन :
काकडीच्या लोणच्याची बरणी
मी उघडली, मी,
शेजारच्या झ्बिगनेवला हाक न मारता.

मेमध्ये पाकिटं फुटली.
औषधाचा गट आणि बिनऔषधाचा गट
आलेखावर एकमेकांना चिकटून,
थंडीतल्या बसथांब्यावरच्या माणसांसारखे.
आईची ट्यूब रिकाम्या जेलची.

बोगुमिवानं ट्राममध्ये तीन वाक्यं जुळवली,
घरी पोचेपर्यंत तिन्ही विसरली,
आणि सरळ सांगून टाकलं.

लेओकाडियानं हात दिव्याखाली धरले,
उलटे, सुलटे.
मग म्हणाली,
बरं. तुझा बैल आलाच नव्हता म्हणतेस.
मग माझ्या बोटांना
पुरे आता, हे सांगितलं कुणी?

उत्तर नव्हतं. चहा होता.

सोमवारी नवं रक्त आलं, सहा नळ्या.
वहीत बोगुमिवानं आईचा प्रश्न लिहिला,
त्यासाठी रकाना नव्हता,
म्हणून समासात, पेन्सिलनं.
सेंट्रिफ्यूजचं झाकण बसेना.
दोनदा दाबावं लागलं.