वजनवही

पहिल्या दिवशी काहीच होत नाही.
नाकपुडीवर थेंब सोडला, ती शिंकल्यासारखं करते
आणि भुशात पुन्हा खड्डा उकरायला लागते.
पिंजरा चार. डाव्या कानाला दोन छिद्रं.
एकवीस पूर्णांक चार ग्रॅम.

दुसऱ्या दिवशी आत हाकाटी झालेली असते.
जिच्या घरात चोर शिरला ती पेशी
मरता मरता शेजारणींना सांगते,
दारं लावून घ्या गं.
बाहेरून एवढंच दिसतं, की तिनं दाणा अर्धा टाकलाय.

नवी होते तेव्हा मला वाटायचं ताप येईल.
उंदराला ताप चढत नाही, उतरतो.
चौथ्या दिवशी ती गार पडत जाते,
केस उभे, पाठीला बाक,
मे महिन्याच्या परळमध्ये
तिच्या एकटीपुरती थंडी.

पिंजरे तुळसकर धुतात.
त्यांचा थोरला भाऊ महापालिकेत, उंदीर मारण्याच्या खात्यात.
रात्री बॅटरी आणि काठी, भायखळ्याच्या मंडईमागे,
पहाटे तीस मोजून द्यायचे, एकोणतीस चालत नाहीत.
"तो मारतो, मी जगवतो," तुळसकर म्हणतात,
मग माझ्या हातातल्या वहीकडे बघून
नळ मोठा करतात.

सातवा दिवस. सोळा पूर्णांक नऊ.
सोळाच्या खाली गेली तर थांबवायचं, असा नियम आहे.
छातीतल्या गाठींमध्ये आठवडाभर
चोराचा चेहरा पाठ केलेल्या पेशी
आता फुफ्फुसात उतरल्यात,
आणि तो सापडेल ते घरच पाडतायत.
आमचे सर याला सैन्य म्हणतात.
मी त्या रात्री वजनकाट्याशी बसून
तिची धाप मोजली. कोणाची होती ती,
आलेल्याची की वाचवणाऱ्यांची,
मला सांगता आलं नसतं.

नवव्या दिवशी तुळसकरांचा फोन, सकाळी सातला.
"खाल्लं बघा हिनं."

काम झालं की शंभरातल्या नव्वदहून जास्त
आपल्या आपण मरून जातात.
थोड्या उरतात. त्यांना आठवण म्हणतात,
आणि आम्हाला तीच हवी असते.

पस्तिसाव्या दिवशी ती एकवीस पूर्णांक आठ होती.
माझ्या हातमोज्यावर चढून आली, ओळखीची.
आठवण बाहेरून मोजता येत नाही.

दुपारी बर्फात ठेवलेल्या नळीतून
तिच्या प्लीहेतल्या पेशी काढून,
थोड्या उबेत ठेवून
मी त्यांना त्या विषाणूचा एक तुकडा दाखवला.
तिला जाऊन सहा तास झाले होते.
त्या लगेच उठल्या.

"ओळखलं का त्यांनी?" तुळसकरांनी विचारलं.
ओळखलं, म्हटलं.
ते चार नंबरच्या पिंजऱ्यावरची चिठ्ठी
नखानं खरवडत होते.
भिजली होती, तरी निघत नव्हती.