चारशे दोन

हीउमा बेटावर कधी कधी फेब्रुवारीत समुद्राचाच रस्ता होतो.
दर वर्षी नाही; गोठला तर.
त्यावर गाडी घालताना पट्टा सोडून ठेवायचा,
दार किलकिलं,
बुडालोच तर बाहेर पडता यावं म्हणून.
हे मला बाबांनी शिकवलं.
आणि यंदा भाच्याने, ताआवेतने, मला एक कारकून दिला.

कारकून म्हणजे संगणकातला एजंट.
रात्रभर जागतो. उपग्रहाचं चित्र, वारा, बर्फाखालचा प्रवाह,
जे जे जिथे विकत मिळतं तिथे जाऊन दार वाजवतो.
आतून आकडा येतो: चारशे दोन.
म्हणजे, आधी पैसे.

पण कारकून लगेच खिशात हात घालत नाही.
तेवढं त्याला बजावलंय: आधी नुसतं विचार.
ताकाला जाऊन भांडं लपवत नाही तो,
सरळ म्हणतो, किती? कुठल्या नाण्यात?
कोणत्या वाटेने पाठवू, कुणाच्या पत्त्यावर,
आणि हा भाव टिकेल किती वेळ?
साठ सेकंद, म्हणतं दार.
मग तो परत येतो, माझ्यापुढे कागद ठेवतो
आणि उभा राहतो.

पहिल्या रात्री कागदावर होतं: दहा हजार.
चहा हातातच गार झाला.
एका चित्राचे दहा हजार? मी निवृत्त पोस्टमास्तरीण,
आयुष्यभर तिकिटं मोजली, पण असं तिकीट नाही पाहिलं.
तार्तूला फोन करून ताआवेतला झोपेतून उठवलं.
तो म्हणाला, आत्या, सहा घरं मागे सरक.
सरकले. एक सेंट.
दोघंही हसलो; मी जरा उशिरा.

आज तोच उपग्रह, तेच चित्र, तोच एक सेंट.
पण कागदाच्या तळाशी कारकुनाने लिहिलंय:
पत्त्याची शेवटची चार अक्षरं
कालच्या पत्त्याशी जुळत नाहीत. थांबू का?

एका सेंटासाठी कोण थांबतं?
बाबा थांबायचे.
शंभर पावलांवर एकदा, पुढे पन्नासावर,
गिरमिटाने भोक पाडून आत पट्टी घालायचे.
वरून सगळा बर्फ सारखाच दिसतो, असं म्हणायचे ते.
नाही, म्हणायचे नाहीत. फारसं बोलतच नसत.
पट्टी वर काढून मला दाखवायचे,
ओल कुठवर आलीय ते.

थांब, मी लिहिलं.
साठ सेकंद संपले. पुन्हा भाव आला, तोही संपला.
मी बूट घातले.

सव्वासहा. अंधारच. गिरमिट खांद्यावर,
किनाऱ्यापासून तीनशे पावलं.
चौदा सेंटिमीटर.
भोकातून पाणी वर आलं आणि हातमोज्यावर गोठलं.
माणूस पेलेल. हिल्लारची दुधाची गाडी नाही.

रस्ता बंद, मी बेटाला कळवलं.
हिल्लार फोनवर कुरकुरला, मग बरं म्हणाला.

दुपारी त्या सेवेचं पत्र:
पत्ता आम्हीच बदलला, सांगायचं राहून गेलं, क्षमस्व.
म्हणजे चोर नव्हताच कुणी.
मग मी तो एक सेंट दिला.
चित्र आलं. बर्फ पांढराशुभ्र, अखंड,
भिंतीवर लावावा असा.
माझं भोक त्यात कुठेच नाही.

संध्याकाळी ताआवेत म्हणाला, आत्या,
तुझ्या बातमीलाही भाव लाव.
दुसऱ्यांचे कारकून येतील, दार वाजवतील.
त्याने पाठवलेला तक्ता उघडून बसलेय.
मुदत: पुढचा वारा फिरेपर्यंत, एवढं भरलं.
रक्कम अजून कोरी.

बाहेर पायरीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला
धुरावलेला मासा आहे. हिल्लार ठेवून गेला.
रस्ता बंद असला तरी ठेवतो.
त्याच्यातली कुठली सहा घरं मागे सरकायची,
मला सांगता येत नाही.